लिटरभर तेलाची गोष्ट

दिवाळी हा दिव्यांचा सण असे आपण म्हणतो. पण घरातल्या बायकांना विचारले तर त्या सांगतील की, दिवाळी हा तेलाचा सण. अभ्यंगाला तेल, पणत्यांना तेल आणि चकली-शेवेच्या कढईला तर विचारायलाच नको! आमच्या घरी मात्र या तिन्ही तेलांच्या जोडीला एक चौथे तेल कायमचे वस्तीला असते. वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. धाकटा भाऊ मालट्रक चालवी. मी तेवढा मराठीचा मास्तर निघालो. त्यामुळे अंगाला उटण्याचा वास येवो की न येवो, आमच्या घरातल्या टॉवेलांना डिझेलचा वास हा यायचाच.

मराठी शिकवणाऱ्याने डिझेलवर लिहावे हा आगाऊपणा आहे, हे मला मान्य आहे. पण त्याला एक निमित्त घडले.

२०२१ सालची गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे ३ नोव्हेंबरला, आम्ही सगळे निफाड तालुक्यातल्या आमच्या घरी जमलो होतो. टेलिव्हिजनवर बातमी आली : केंद्र सरकारने पेट्रोलवरचा कर लिटरमागे पाच रुपयांनी आणि डिझेलवरचा दहा रुपयांनी उतरवला. धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला.

“दुपारीच टाकी फुल्ल केली रे!” तो म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. तोही हसला. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. कोणत्या देशात डिझेल काय भावाने मिळते, कुठे स्वस्त, कुठे महाग आणि का, यावर मी चांगले अर्धा तास व्याख्यान दिले. धाकट्याने ते निमूटपणे ऐकले, चकलीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, “दादा, हे सगळं खरं. पण भाव चढला तेव्हा माझं भाडं का नाही चढलं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. वर्गात असा प्रश्न आला की आम्ही “पुढच्या तासाला बघू” म्हणतो. हा लेख म्हणजे तो पुढचा तास समजावा.

शेंगदाण्याच्या तेलावर चाललेले इंजिन

आधी नावापासून सुरुवात करतो. तो आमचा धंदाच आहे. ‘पेट्रोल’ या शब्दाच्या मुळाशी दगड आणि तेल असे दोन शब्द आहेत. म्हणजे आपल्या भाषेत पाषाणतेल. ‘डिझेल’ला मात्र अशी व्युत्पत्ती नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला; आईबाप जर्मन. त्या काळचे वाफेचे इंजिन कोळशातली जेमतेम दहावा हिस्सा शक्ती कामाला लावी, बाकीची वाया जाई. या उधळपट्टीचा डिझेलला राग होता. १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी त्याचे इंजिन यशस्वी झाले, आणि त्याने इंधनातली चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक शक्ती कामाला लावून दाखविली.

त्याची युक्ती सांगायला सोपी आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडायला प्लग लागतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. नुसती हवा कोंडून तिला मूळच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शात दाबायचे. सायकलचा पंप मारताना नळी तापते ना, तसाच हा प्रकार, पण इतका जबर की ती हवा पाचशे अंशांच्या वर तापते. मग तिच्यात तेलाचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. एवढा दाब सोसायचा म्हणून हे इंजिन जड आणि महाग. पण खायला कमी आणि ओढायला बळकट. पेट्रोलचे इंजिन म्हणजे टांग्याचे घोडे, डिझेलचे म्हणजे खिल्लारी बैल.

१९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात यातले एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले गेले. आपण ज्यात चकल्या तळतो तेच तेल! आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाफेची अवजड यंत्रे मोठ्या कारखानदारांनाच परवडत. लहान कारागिराला स्वतःच्या दुकानात ठेवता येईल असे काटकसरीचे इंजिन मिळावे, म्हणजे तो मोठ्यांपुढे टिकेल, अशी डिझेलची इच्छा होती. १९१३ च्या सप्टेंबरात बेल्जियमहून इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. पुढे समुद्रात प्रेत सापडले. त्याची इच्छा मात्र आपल्याकडे काही अंशी फळली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांचा कारखाना काढला आणि विहिरीवरच्या मोटेची जागा हळूहळू डिझेलच्या इंजिनाने घेतली. आमच्या मळ्यातही ते होते. त्याचा ‘टुक् टुक्’ आवाज ऐकत मी मॅट्रिकचा अभ्यास केला आहे.

लिटरात तेल किती?

आता भावाकडे वळू. एका पिंपात, म्हणजे बाजाराच्या भाषेत बॅरलमध्ये, १५९ लिटर कच्चे तेल असते. त्याचा जागतिक भाव सगळ्या देशांना जवळपास सारखाच पडतो. मग एका देशात डिझेल दुसऱ्याच्या दुप्पट महाग कसे? फरक तेलाचा नसतो, सरकारच्या हाताचा असतो. तो हात कुठे लिटरवर कर ठेवतो, तर कुठे तिजोरीतले पैसे लिटरखाली सरकवतो.

आपलेच उदाहरण घ्या. २०१४ च्या सुरुवातीला डिझेलवर केंद्राचा उत्पादनशुल्क लिटरला ३ रुपये ५६ पैसे होता. पुढे कच्चे तेल उतरत गेले तसा कर चढत गेला. २०२० च्या एप्रिलमध्ये तर अद्भुतच घडले. करोनामुळे जगाची चाके थांबली, तेल साठवायला जागा उरली नाही, आणि २० एप्रिलला अमेरिकेच्या वायदेबाजारात कच्च्या तेलाचा भाव शून्याखाली, उणे सदतीस डॉलरवर गेला. विकणाराच घेणाऱ्याला पैसे देऊ लागला! त्यानंतर पंधरा दिवसांत, ५ मे रोजी, आपल्याकडे डिझेलवरचा कर लिटरला तेरा रुपयांनी वाढला आणि तो एकूण ३१ रुपये ८३ पैशांवर पोचला. शिवाय राज्याचा कर वेगळा. त्या वर्षीच्या २४ जूनला दिल्लीत डिझेल प्रथमच पेट्रोलपेक्षा महाग झाले.

याला कोणी लूट म्हणेल, कोणी म्हणेल की संकटात सरकारने पैसा आणावा कुठून? दोन्ही बाजूंना थोडे थोडे तथ्य आहे. सांगायचा मुद्दा एवढाच की, पंपावरचा आकडा विहिरीत ठरत नाही, कचेरीत ठरतो.

रस्त्याच्या दोन बाजू

याचा सर्वांत गमतीचा पुरावा युरोपात मार्तलांज नावाच्या गावी आहे. तिथे हमरस्त्याची एक बाजू बेल्जियममध्ये आणि दुसरी लक्झेंबर्गमध्ये आहे. बेल्जियमच्या बाजूला साधी घरे. लक्झेंबर्गच्या बाजूला पेट्रोलपंपांची नुसती रांग! कारण लक्झेंबर्गने कर कमी ठेवला आहे. माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत ट्रिअर शहरात नोकरी करतो. तो लिहितो, “सर, आम्ही शनिवारी लक्झेंबर्गला जातो. बघायला नव्हे, टाकी भरायला.”

आपल्याला हे नवल वाटायचे कारण नाही. २०१२ साली गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा राज्याचा कर जवळजवळ काढूनच टाकला, तेव्हा पेट्रोल लिटरला अकरा रुपयांनी उतरले आणि सावंतवाडी-बांद्याच्या लोकांना गोव्याची वाट अधिकच जवळची वाटू लागली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर राहिले. तेव्हापासून देश एक, पण तेलाच्या बाबतीत प्रत्येक राज्य म्हणजे एक स्वतंत्र संस्थान! कोणत्या सीमेच्या अलीकडे टाकी भरावी आणि कोणत्या सीमेच्या पलीकडे, हे लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला तोंडपाठ असते.

कर नुसता कमीजास्त असत नाही; त्याला आवडनिवडही असते. जर्मनीने २००३ साली पेट्रोलवर लिटरला ६५.४५ सेंट आणि डिझेलवर ४७.०४ सेंट असा मूळ कर ठरविला. मालवाहतूक स्वस्त राहावी हा हेतू. पण स्वस्त डिझेलची चव साध्या मोटारवाल्यांनाही लागली. इंग्लंडने दोन्हींवर एकच कर ठेवला. २०११ पासून २०२२ पर्यंत तो लिटरला ५७.९५ पेन्स होता. अमेरिकेने उलटे केले. तिथे केंद्राचा कर पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट; १९९३ पासून तो तसाच आहे. जड मालमोटारी रस्ते झिजवतात, तेव्हा खर्चाचा वाटा त्यांनी उचलावा, हा त्यामागचा विचार. म्हणून अमेरिकेत डिझेलच्या घरगुती मोटारी विरळाच. ब्राझीलने तर कमालच केली. डिझेल हे मालाच्या आणि उतारूंच्या गाड्यांसाठी राखून ठेवायचे म्हणून १९७६ साली त्यांनी डिझेलच्या साध्या मोटारींवर बंदीच घातली!

म्हणजे पाहा, तेल एकच, पण जर्मनीचे धोरण त्याला मालाचे वाहन समजते, अमेरिकेचे रस्ता झिजवणारा भिडू समजते आणि ब्राझीलचे घरातल्या कर्त्या माणसाचे राखीव ताट समजते.

स्वस्ताईची किंमत

मग तेल फुकटच द्यावे का? तेही करून पाहिलेले देश आहेत. व्हेनेझुएलात तेलाचे अफाट साठे. तिथे १९८९ च्या फेब्रुवारीत पेट्रोलचे भाव आणि बसभाडे वाढले, तेव्हा राजधानी काराकासमध्ये भयंकर दंगे होऊन शेकडो माणसे मेली. त्याची अशी धास्ती बसली की १९९६ नंतर वीस वर्षे भाव वाढवायला कोणी धजले नाही, आणि पाण्याच्या बाटलीपेक्षा पेट्रोलची टाकी स्वस्त झाली. परिणाम? तेल सीमेपलीकडे चोरून जाऊ लागले, आणि पुढे अशी वेळ आली की तेलाच्या त्या देशातच पंपावर मैलमैल रांगा लागल्या. इराणचे स्वस्त डिझेलही असेच पिंपांतून बलुचिस्तानच्या वाटेने पाकिस्तानात पाझरत असते.

याच्या उलट नॉर्वे. समुद्रातून तेल काढून जगाला विकणारा हा देश स्वतःच्या लोकांना मात्र ते महाग देतो. तेल विकून आलेला पैसा तो पुढच्या पिढ्यांसाठी फंडात ठेवतो. तिथे २०२४ साली विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींतल्या एकोणनव्वद मोटारी विजेवर चालणाऱ्या होत्या. बागाईतदाराने उत्तम आंबा पेटीत भरून बाजारात धाडावा आणि घरात चिंचेचे सार करावे, तसा हा प्रकार. पण त्याचे घर मजबूत राहिले आहे.

तेव्हा महाग म्हणजे वाईट आणि स्वस्त म्हणजे चांगले, एवढे हे गणित सरळ नाही. शिवाय डिझेलच्या धुरालाही किंमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली हा धूर कर्करोगाला कारण होतो असा स्पष्ट निर्वाळा दिला. ती किंमत पंपावर कोणी मागत नाही. ती पुढे दवाखान्यात भरावी लागते.

भाव रात्रीत बदलतो, गाडी बदलत नाही

हे सगळे खोदता खोदता माझ्या हाती एक गोष्ट लागली, आणि धाकट्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तीत आहे असे मला वाटते. भाव एका रात्रीत बदलतो. गाडी बदलायला माणसाला दहा वर्षे लागतात.

इंग्लंडने २००१ साली मोटारीवरचा वार्षिक कर तिच्या कर्बवायूवर ठरवायला सुरुवात केली. डिझेलची मोटार तेल कमी खाते, म्हणून तिला कर कमी. २००० साली दर सात नव्या मोटारींत एक डिझेलची असे. २०१२ पर्यंत दोनांत एक झाली. मग २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत उघड झाले की, फोक्सवागेन कंपनीने आपल्या डिझेल मोटारींत धुराच्या परीक्षेपुरती सज्जन होणारी यंत्रणा बसविली होती. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या होत्या. वारे फिरले. २०१९ च्या एप्रिलपासून लंडनच्या मध्यभागात जुनी डिझेल मोटार नेली की दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागू लागले. सरकारच्या सांगण्यावरून ज्याने डिझेल घेतली, तोच अपराधी ठरला!

फ्रान्समध्ये हेच जास्त तीव्रतेने झाले. अनेक दशके तिथे डिझेलवरचा कर कमी होता. रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक मोटारी डिझेलच्या. मग हवा शुद्ध करायची म्हणून २०१९ च्या जानेवारीपासून डिझेलवर लिटरला साडेसहा सेंट आणखी चढवायचे ठरले. पॅरिसमधल्या माणसाच्या दाराशी भुयारी रेल्वे. त्याला काय त्याचे? पण खेड्यातून तीस-चाळीस किलोमीटरवर कामाला जाणाऱ्याला दुसरा मार्ग नव्हता. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी लाखो माणसे चौकाचौकांत उतरली. मोटारीत ठेवणे सक्तीचे असलेले पिवळे जाकीट त्यांनी अंगात घातले होते. डिसेंबरात सरकारने ती वाढ मागे घेतली.

आणि माझे काय? २०१२ च्या मे महिन्यात पेट्रोल एका फटक्यात साडेसात रुपयांनी चढले. दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१! त्या काळी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या डिझेलच्या असत, आणि त्यांतली एक माझी. पेट्रोलच्या गाडीपेक्षा एक लाख रुपये जास्त मोजले. कागदावर हिशेब मांडला होता : वर्षाला सहा हजार किलोमीटर, किलोमीटरमागे वाचतात पावणेतीन रुपये, सहा वर्षांत लाख वसूल. वडिलांना कागद दाखविला. डेपोत कोणत्या ड्रायव्हरने किती तेल जाळले याचा हिशेब ठेवीत, आणि त्यांचे नाव नेहमी चांगल्यांत असे. त्यांनी कागद पाहिला आणि एवढेच विचारले, “हा भाव सहा वर्षं असाच राहील, असं कुणी लिहून दिलंय का तुला?”

लिहून दिले नव्हते. १९ ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचा भाव नियंत्रणमुक्त झाला. दिल्लीत बत्तीस रुपयांचा फरक अकरावर आला. माझे लाख रुपये सहा वर्षांवरून नऊ-दहा वर्षांवर गेले. सर्व्हिसिंगचा जादा खर्च वेगळाच. पण मी पगारदार माणूस. माझे नुकसान म्हणजे चारचौघांत सांगायचा एक विनोद झाला. धाकट्याचे तसे नव्हते.

सत्तावीस पैसे

त्याने २०१९ साली कर्ज काढून जुना ट्रक घेतला होता. निफाडहून कांदा भरायचा, वाशीच्या बाजारात उतरवायचा आणि परतीचे भाडे मिळाले तर मिळाले. जाऊन येऊन सव्वाचारशे किलोमीटर. गाडीचे अ‍ॅव्हरेज लिटरला सहा. म्हणजे खेपेला सत्तर लिटर. २०२० च्या मे महिन्यात सत्तरीच्या आत असलेले डिझेल २०२१ च्या ऑक्टोबरात शंभरी ओलांडून गेले. लिटरमागे पस्तीस रुपये धरा. खेपेमागे जवळजवळ अडीच हजारांचा फटका.

आता गाडीत कांदा असतो नव्वद क्विंटल, म्हणजे नऊ हजार किलो. अडीच हजार त्यात वाटून पाहा. किलोला सत्तावीस-अठ्ठावीस पैसे! मुंबईच्या गृहिणीकडे हे पैसे मागितले असते तर तिने पिशवी उघडताना त्यांचा विचारही केला नसता. पण तिच्यापर्यंत मागणी पोचतच नाही. भाडे ठरविणारा म्हणतो, “परवडत नसेल तर राहू दे, तुझ्यामागं दहा गाड्या उभ्या आहेत.” त्या दहा गाड्यांचे हप्तेही थकलेले. म्हणून कोणीतरी जुन्याच भाड्यात गाडी भरतो. सगळे मिळून अडून बसले असते तर भाडे चढले असते; २०१८ च्या मेमध्ये ब्राझीलच्या ट्रकवाल्यांनी दहा दिवस देश थांबवून सरकारला डिझेल उतरवायला लावले होते. पण ज्याचा हप्ता पाच तारखेला आहे, तो दहा दिवस अडून बसू शकत नाही.

हे धाकट्याच्या प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर. लिटरवरचा बोजा सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याला तो पुढच्याच्या खांद्यावर सरकवता येतो, तो सरकवतो. ज्याच्या पुढे कोणी नाही, त्याच्या खांद्यावर तो राहतो. रुडॉल्फ डिझेलने ज्या लहान माणसासाठी इंजिन काढले, तोच नेमका त्या रांगेच्या टोकाला उभा असतो.

त्या दिवाळीत तो माझ्याकडे हप्त्यासाठी पैसे मागायला आला होता, हे मला पुढे वहिनीकडून, म्हणजे माझ्या पत्नीला तो जे म्हणतो तिच्याकडून, कळले. माझे व्याख्यान रंगले होते म्हणून त्याने विषय काढला नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेनच्या युद्धानंतर, भाव पुन्हा रोज ऐंशी-ऐंशी पैशांनी चढू लागले. पाडव्यानंतर त्याने ट्रक विकला. मी तोवर थोडे पैसे दिले होते, पण फार उशिरा आणि फार थोडे. आता तो नाशिकच्या एका मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. पगार वेळेवर मिळतो.

परवा दिवाळीच्या तयारीला तो घरी आला होता. मी या लेखाचा कच्चा खर्डा त्याला वाचून दाखविला. लक्झेंबर्गच्या पंपांपाशी तो खूप हसला. सत्तावीस पैशांपाशी गप्प झाला. शेवटी मी भीत भीत विचारले, “गाडी विकल्याचं वाईट वाटतं का रे?”

तो म्हणाला, “आता भाव चढला की मालकाला झोप येत नाही, मला येते.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण गाडी स्वतःची होती ना, दादा.”

वडील पलीकडे पणत्यांच्या वाती वळत बसले होते. त्यांनी तेलाचा बुधला धाकट्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “सांडू नको. मापानं घाल.”